नववर्षाच्या चिठ्ठीतलं अभिवचन आपल्यासाठी आहे, हे कशावरून ठरवायचं?

संध्याप्रार्थना (प्रश्न)

सर्वांना जय ख्रिस्त. आमच्या घरगुती प्रार्थनासभेत देवाच्या अभिवचनांवर चार आठवड्यांचा अभ्यास घ्यायचा आहे. ३१ डिसेंबरच्या रात्रीच्या उपासनेत मिळालेली वचनाची चिठ्ठी बहुतेकांनी बायबलमध्ये जपून ठेवली आहे. यिर्मया २९:११, फिलिप्पै ४:१३, स्तोत्र ९१ आणि प्रेषितांची कृत्ये १६:३१ ही वचनं त्यांत पुन्हा पुन्हा येतात. काहीजण म्हणतात, वचन घट्ट धरायचं, शंका घ्यायची नाही. काहीजण म्हणतात, ती त्या काळच्या लोकांना दिलेली होती, आपला संबंध नाही. खरं काय? आणि वचन पूर्ण व्हायला उशीर होतो तेव्हा प्रार्थना कशी करायची? कृपया वचनांच्या संदर्भासह सांगा, म्हणजे सभेत वाचून घेता येईल.

बिरुयाकर

ताई, सुरुवात यिर्मया २९ पासूनच करा. पण ११ वं वचन एकटं वाचू नका. आधी २८ वा अध्याय आणि मग २९:१ ते १४ सलग, मोठ्याने वाचून घ्या.

हे एक पत्र आहे. इ.स.पू. ५९७ मध्ये बाबेलचा राजा नबुखद्नेस्सर याने यरुशलेमेतून राजा, राजघराण्यातली माणसं, कारागीर यांना बाबेलला नेलं. त्या लोकांना यिर्मया संदेष्ट्याने ते लिहिलं. त्याच काळात हनन्या नावाच्या संदेष्ट्याने मंदिरात सर्वांसमोर जाहीर केलं होतं की दोन वर्षांत सगळं परत येईल (२८:३). यिर्मयाचं पत्र अगदी उलटं सांगतं. घरं बांधा, मळे लावा, मुलामुलींची लग्नं करा, ज्या नगरात तुम्हांला नेलं आहे त्याच्या हितासाठी प्रार्थना करा. दहाव्या वचनात मुदत येते, सत्तर वर्षं. आणि त्यानंतर ‘ते संकल्प हिताचे आहेत’ हे अकरावं वचन.

आता सभेत विचारा, हे पत्र ऐकताना जो माणूस चाळिशीत होता, तो परत गेला असेल का? नाही. परत गेली ती त्याची मुलं-नातवंडं. तरीही अभिवचन त्यालाच दिलेलं होतं, आणि त्यावर विश्वास ठेवायचा म्हणजे परक्या देशात मळा लावायचा. हनन्याचं वचन कानाला जास्त गोड होतं, देवाचं नाव घेऊनच दिलेलं होतं, आणि खोटं होतं. ‘यंदा नोकरी लागेल’ असा अर्थ या वचनातून काढला की आपण यिर्मयाचे शब्द घेऊन हनन्याचा संदेश सांगत असतो. हे मी कठोरपणे लिहितो आहे, कारण वर्ष सरल्यावर नोकरी लागली नाही की माणूस चिठ्ठीला दोष देत नाही, देवावरचा भरवसा सोडतो.

फिलिप्पै ४:१३ (‘मला सामर्थ्य देणाऱ्याच्या द्वारे मी सर्वकाही करू शकतो’) थोडक्यात: ११ आणि १२ ही वचनं जोडून वाचा. पौल बंदिवासातून लिहितो आहे, आणि ‘सर्वकाही’ म्हणजे पोट भरलेलं असणं आणि उपाशी असणं, दोन्ही. परीक्षेत पहिला नंबर येण्याशी त्याचा संबंध नाही.

स्तोत्र ९१ साठी मत्तय ४:५-७ उघडा. सैतानाने येशूसमोर हेच स्तोत्र म्हटलं. मंदिराच्या कठड्यावरून उडी मार, देवदूत तुला हातांवर झेलतील, हे त्याने सांगितलं, पण ‘तुझ्या सर्व मार्गांत तुझे रक्षण करतील’ यातले मार्गांविषयीचे शब्द गाळले. येशूने अनुवाद ६:१६ ने उत्तर दिलं: परमेश्वराची परीक्षा पाहू नको. म्हणजे अभिवचन शब्दशः पाठ असूनही ते चुकीच्या कामाला लावता येतं. चाललेल्या वाटेवर देव सांभाळतो, यावर विसंबणं हा विश्वास. त्याने सांभाळावंच म्हणून कठड्यावरून उडी मारणं ही परीक्षा.

स्तोत्रप्रेमी

बिरुयाकर बंधूंचं म्हणणं मान्य, पण त्यावर थांबलात तर सभेतल्या आजीबाईंच्या हातात काहीच उरणार नाही. ‘हे बाबेलातल्या लोकांना होतं’ एवढं सांगून त्यांना घरी पाठवू नका.

इब्री १३:५ पाहा. ‘मी तुला सोडून जाणार नाही, टाकणार नाही’ हे मुळात कोणाला सांगितलं होतं? मोशेच्या मृत्यूनंतर, यार्देन ओलांडायच्या आधी, यहोशवाला (यहोशवा १:५). आणि इब्री लोकांस पत्र लिहिणारा तेच वचन साध्या विश्वासणाऱ्यांना देतो, तेही पैशाच्या लोभाबद्दल बोलताना! म्हणजे जुन्या करारातलं वचन आपल्यापर्यंत आणण्याचा अधिकार नवा करार स्वतःच देतो. पण काय आणलं आणि काय ठेवलं ते बघा. कनान देश आणि ‘तुझ्यासमोर कोणी टिकणार नाही’ हे तिथेच राहिलं. आपल्यापर्यंत आलं ते देवाचं सोबत असणं.

मी हीच कसोटी वापरते. वचनातला जो भाग देवाच्या स्वभावावर आणि ख्रिस्ताच्या कामावर उभा आहे तो प्रत्येक विश्वासणाऱ्याचा आहे. २ करिंथ १:२० म्हणतं की देवाची सगळी अभिवचनं ख्रिस्तामध्ये ‘होय’ आहेत. जो भाग विशिष्ट माणूस, देश किंवा मुदत यांना बांधलेला आहे तो त्यांचा. यिर्मया २९ लाही हे लागू होतं. सत्तर वर्षं त्यांची, पण परक्या ठिकाणी अडकलेल्या आपल्या लोकांना देव विसरत नाही हे आपलंही. १ पेत्र १:१ विश्वासणाऱ्यांना पांगलेले प्रवासीच म्हणतं.

दुसऱ्या आठवड्यात अटींचा विषय घ्या. उत्पत्ति १५ मध्ये अब्राम गाढ झोपलेला असतो आणि पशूंच्या कापलेल्या भागांमधून धुमसती भट्टी आणि जळती मशाल, म्हणजे देवाच्या उपस्थितीची खूण, जाते. करार करणाऱ्यांपैकी तिथून फक्त देवच गेला, म्हणून ते वचन अब्रामाच्या कर्तबगारीवर टिकून नाही. उलट निर्गम १९:५ मध्ये सरळ ‘जर’ आहे. दोन्ही शेजारी ठेवून वाचा.

मलाखी ३:१० (सगळा दशमांश, म्हणजे उत्पन्नाचा दहावा भाग, भांडारात आणा, मी आशीर्वाद ओतीन) निघणारच, तेव्हा तयारी ठेवा. तिथलं भांडार म्हणजे मंदिरातल्या कोठ्या. नहेम्या १३:१०-१२ मध्ये चित्र स्पष्ट आहे: मंदिरात सेवा करणाऱ्या लेव्यांचा वाटा मिळेना, म्हणून ते सेवा सोडून आपापल्या शेतावर निघून गेले होते. नियमशास्त्राखालच्या राष्ट्राला, अनुवाद २८ मधल्या आशीर्वाद-शापांच्या चौकटीत ते सांगितलं आहे. ‘दशमांश द्या म्हणजे कर्ज फिटेल’ असं कोणी त्यातून सांगत असेल तर वाक्याच्या दुसऱ्या अर्ध्याला तिथे आधार नाही. मंडळीने कसं द्यावं हे २ करिंथ ८ आणि ९ मध्ये आहे: ज्याने त्याने मनात ठरवल्याप्रमाणे, कुरकुरत नाही, भाग पडतं म्हणून नाही. तिथेही देव पुरवतो असं वचन आहे (९:८), पण ते चांगल्या कामांसाठी पुरेसं असण्याचं. त्या वचनावर मी मनापासून विसंबते.

रविवारशाळा

प्रेषितांची कृत्ये १६:३१ बद्दल, कारण घरात एकटीच विश्वासात आलेली बहीण या वचनाला धरून बसलेली असते. फिलिप्पैच्या तुरुंगाधिकाऱ्याला ‘विश्वास ठेव म्हणजे तू व तुझे घराणे तारले जाल’ असं सांगितलं. पुढच्या वचनात पौल आणि सीला यांनी घरातल्या सर्वांना प्रभूचं वचन सांगितलं, आणि ३४ व्यात सगळं घर आनंदित झालं. म्हणजे वाट सर्वांसाठी तीच, प्रत्येकाने ऐकायचं आणि विश्वास ठेवायचा. एकाच्या विश्वासावर बाकीच्यांचं तारण ठरलेलंच आहे असा अर्थ असता, तर पौलाने १ करिंथ ७:१६ मध्ये ‘तू आपल्या पतीला तारशील की नाही हे तुला काय ठाऊक?’ असं विचारलं नसतं. त्या बहिणीला १ पेत्र ३:१-२ द्या. तिने काय करायचं हे त्यात आहे. आणि नवरा विश्वासात आला नाही म्हणून तिचा विश्वास कमी पडला, असं सभेत कोणालाही बोलू देऊ नका.

तसंच नीतिसूत्रे २२:६ (मुलाला योग्य वळण लाव, म्हणजे म्हातारपणीही तो ते सोडणार नाही). नीतिसूत्रं ही शहाणपणाची वाक्यं आहेत, हमीपत्रं नाहीत. मुलगा भरकटला की आईबाप या वचनाने स्वतःला मारत राहतात.

उशिराबद्दल अब्राहामाची वयं फळ्यावर लिहा. हारान सोडलं तेव्हा ७५ (उत्पत्ति १२:४), इश्माएल झाला तेव्हा ८६ (१६:१६), सुंतेचा करार ९९ (१७:१), इसहाक १०० (२१:५). पंचवीस वर्षं. मधली चूक नीट दाखवा. १५:४ मध्ये देवाने ‘तुझ्या पोटचा’ एवढंच सांगितलं होतं. मूल पत्नी सारेचंच असेल हे १७:१६ मध्ये पहिल्यांदा स्पष्ट होतं. त्यामुळे दासी हागारेकडून मूल मिळवण्याची योजना शब्दांच्या विरुद्ध नव्हती. रिकामी जागा त्यांनी आपल्या अंदाजाने भरली, एवढंच, आणि त्याची किंमत हागारेने आणि तिच्या मुलाने मोजली. देवाने जे सांगितलेलं नाही ते आपण ठरवून टाकलं की भरवसा आपल्या अंदाजावर बसतो आणि नाव देवाचं लागतं.

इब्री ११ वाचाल तेव्हा ३५ व्या वचनाच्या मध्यावर थांबू नका. तिथवर विजय आहेत, मग छळ, दगडमार, करवतीने चिरणं. आणि ३९ वं म्हणतं, या सर्वांबद्दल त्यांच्या विश्वासामुळे साक्ष दिली गेली, तरी त्यांना अभिवचनाप्रमाणे फळ मिळालं नाही. विश्वास दोन्ही गटांचा सारखाच होता.

संध्याप्रार्थना

सर्वांचे आभार. एक नाजूक गोष्ट विचारते. सभेतल्या एका काकांनी यशया ५३:५ (‘त्याला बसलेल्या फटक्यांनी आम्हांला आरोग्य प्राप्त झाले’) धरून मधुमेहाच्या गोळ्या बंद केल्या आहेत. गोळी घेतली तर विश्वास नाही असं होईल, असं म्हणतात. काय दाखवू?

बिरुयाकर

आजच जा, पुढच्या सभेची वाट पाहू नका. मधुमेहाची औषधं अचानक सोडणं धोक्याचं आहे. घरच्यांना सांगून त्यांना डॉक्टरांकडे न्यायला लावा. वाद नंतर.

मग यशया ३८ उघडा. राजा हिज्कीया मरणाला टेकलेला आहे आणि देव त्याला वचन देतो, नेमक्या आकड्यात: आणखी पंधरा वर्षं (३८:५). यापेक्षा पक्कं अभिवचन कोणत्या आजाऱ्याला मिळेल? आणि २१ व्या वचनात यशया सांगतो, अंजिरांची चांदकी आणून गळवावर बांधा. वचन देणाऱ्या संदेष्ट्यानेच औषध सांगितलं. काकांना हे वचन स्वतःच्या बोटाने शोधायला लावा.

५३ व्या अध्यायाबद्दल प्रामाणिक राहा. १ पेत्र २:२४ त्याचा अर्थ पापाकडे लावतं, पण मत्तय ८:१७ येशूने रोग्यांना बरं केलं तिथे ५३:४ घेतं. त्यामुळे ‘शरीराशी संबंधच नाही’ असं म्हणू नका. देव बरं करतो, याकोब ५:१४ प्रमाणे वडिलांना बोलावून प्रार्थना करून घ्या. मात्र शरीराची पूर्ण मुक्ती आपण अजून वाट पाहत असलेली गोष्ट आहे (रोम ८:२३). पौलाने आपला सोबती त्रफिम याला मिलेत नगरात आजारी असताना मागे ठेवलं (२ तीमथ्य ४:२०), तीमथ्याला पोटासाठी थोडा द्राक्षारस घ्यायला सांगितलं. दोघांपैकी कोणालाही त्याने अविश्वासी म्हटलं नाही.

स्तोत्रप्रेमी

काकांसाठी प्रार्थना करते आहे, ताई.

शेवटच्या आठवड्याबद्दल. प्रत्येकाला वही आणायला सांगा. एका पानावर एकच अभिवचन: वर मागचीपुढची वचनं धरून संदर्भ, खाली कोणाला सांगितलं, अट आहे का, ख्रिस्तामुळे माझ्याकडे काय येतं, आणि ते खरं मानलं तर या आठवड्यात मी काय वेगळं करेन. शेवटची ओळ रिकामी राहिली तर पान अपुरं समजा. चार आठवड्यांत चार पानं पुरेत.

आणि प्रार्थनेसाठी स्तोत्र ८९ घ्या. वचन पूर्ण होताना दिसत नाही तेव्हा गप्प बसणं हा विश्वास नव्हे. मोशेनेही देवाला त्याच्याच शपथेची आठवण करून दिली (निर्गम ३२:१३). ८९ मध्ये ३७ व्या वचनापर्यंत दावीदाला दिलेलं अभिवचन सविस्तर येतं, आणि ३८ व्यापासून ‘तरी तू टाकून दिलेस’ ही तक्रार, देवाच्या तोंडावर. पहिला भाग एकाने वाचावा, ३८ पासून दुसऱ्याने. ५२ वं वचन हा स्तोत्रसंहितेच्या तिसऱ्या भागाचा समारोप आहे, म्हणून ५१ व्याशी थांबा आणि ज्याला जे मागायचं आहे ते तिथूनच मोठ्याने मागू द्या.