मदत हवी आहे : बाबांच्या बायॉप्सीच्या रिपोर्टची वाट पाहताना घरच्यांनी कसे वागावे?

नमस्कार.

माझ्या वडिलांचे वय ७१ असून आम्ही लालबागला राहतो. पावसाळ्याच्या सुरुवातीपासून त्यांचा खोकला हटेना आणि नेहमीचे शर्ट अंगावर ढगळ दिसू लागले, म्हणून छातीचा एक्स-रे काढला. त्यात उजव्या फुप्फुसाच्या वरच्या भागात डाग दिसला. पुढे सीटी स्कॅन झाला, थुंकीच्या तपासण्या झाल्या, थुंकीत काहीही सापडले नाही, आणि शेवटी डॉक्टरांनी स्पष्टच सांगितले की ही गाठ क्षयरोगाची असू शकते, तशीच ती कर्करोगाचीही असू शकते, आणि तुकडा काढून तपासल्याशिवाय कोणीही छातीठोकपणे काही सांगू शकणार नाही. त्याप्रमाणे सीटी स्कॅनमध्ये बघून सुईने तुकडा काढण्यात आला. त्याचा रिपोर्ट अजून आलेला नाही.

उपचारांविषयी सल्ला मागण्यासाठी मी हे लिहीत नाही, कारण आमच्या डॉक्टरांवर आमचा विश्वास आहे. मला विचारायचे आहे ते या मधल्या दिवसांविषयी. ज्यांनी असे दिवस काढले आहेत, त्यांनी घर कसे चालवले?

तुकडा काढल्यावर नमुना प्रयोगशाळेत नेऊन देण्याचे काम माझ्याकडे आले. दोन बाटल्या होत्या, एकीत फॉर्मॅलिन आणि दुसरीत साधे सलाइन, आणि दोन्हींच्या तळाशी शेवयांच्या तुकड्यांसारखे फिकट, बारीक काहीतरी होते. फॉर्मॅलिनमधला नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहण्यासाठी, आणि सलाइनमधला क्षयाच्या कल्चरसाठी, म्हणजे त्यातून क्षयाचे जंतू वाढतात का ते पाहण्यासाठी, असे मला समजावून सांगण्यात आले. खिडकीवरच्या माणसाने बाटल्यांवरची नावे कागदाशी ताडून पाहिली, शिक्का मारला आणि म्हणाला, ‘साहेबांची सही झाली की मोबाइलवर मेसेज येईल.’ तेव्हापासून घरात कोणाचाही मोबाइल वाजला तरी आई स्वयंपाकघरातून बाहेर येते. बहुतेक वेळा तो कर्ज देऊ करणाऱ्या कंपनीचा मेसेज असतो.

माझा भाऊ पुण्याला असतो. पेट स्कॅनमध्ये ती गाठ उजळलेली दिसली होती आणि रिपोर्टमध्ये एसयूव्ही म्हणून, म्हणजे गाठ किती उजळते ते सांगणारा, एक आकडा लिहिलेला होता. क्षयाची गाठही पेट स्कॅनमध्ये अशीच उजळू शकते, म्हणून त्या आकड्यावरून निष्कर्ष काढू नका, असे डॉक्टरांनी बजावले असतानाही तो रोज रात्री कुठेतरी काहीतरी वाचून मला फोन करतो आणि तोच आकडा पुन्हा समजावून सांगतो. त्याची घालमेल मला कळते. लांब राहणाऱ्याच्या हातात करण्यासारखे काही नसते, मग तो वाचत बसतो. पण त्याचा फोन ठेवल्यावर मला झोप येत नाही आणि सकाळी ऑफिस गाठायचे असते.

दुसरी अडचण शेजारपाजारची. लालबागहून टाटा रुग्णालयही जवळ आणि शिवडीचे क्षयरोग रुग्णालयही जवळ, आणि आमच्या चाळीत या दोन्हींपैकी कोणतेही नाव निघाले की पुढचा माणूस ‘अरे देवा’ म्हणून गप्प होतो. त्यामुळे आईने सगळ्यांना ‘छातीत कफ साठला आहे’ असे सांगून ठेवले आहे. आत्याने चिपळूणहून नवस बोलल्याचे कळवले आहे, त्यालाही आमची ना नाही.

राहिले बाबा. ते गिरणीत होते. १९८२ च्या संपात गिरणी सुटली ती सुटलीच, आणि नंतर त्यांनी एका पतपेढीत शिपाई म्हणून नोकरी केली. त्यांच्यासमोर आम्ही आजवर फक्त ‘इन्फेक्शन आहे का ते बघताहेत’ एवढेच म्हणत आलो आहोत. सकाळी चहा झाला की ते एकदाच विचारतात, ‘मेसेज आला का गं?’ नाही म्हटले की चष्मा खिशात घालून मंडळाच्या कार्यालयात वर्गणीच्या पावत्या लिहायला जातात. त्यांना सगळे कळले आहे आणि तेच आम्हाला सांभाळून घेत आहेत, असा मला दाट संशय आहे.

तर माझे प्रश्न असे आहेत. रिपोर्टला इतका वेळ का लागतो, आणि उशीर होणे हे वाईटाचे लक्षण असते का? रिपोर्ट मोबाइलवर आला तर तो कोणी आणि कधी उघडावा? आणि दोन्ही शक्यता बाबांना आधीच सांगाव्यात, की निकाल लागेपर्यंत थांबावे? शेवटच्या प्रश्नावर आई आणि मी यांचे एकमत होत नाही.

– लालबागकर


प्रतिसाद : मेणाचा ठोकळा

मी अनेक वर्षे हिस्टोपॅथॉलॉजीच्या प्रयोगशाळेत तंत्रज्ञ म्हणून काम करते, त्यामुळे तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते.

तुकडा आला की लगेच सूक्ष्मदर्शकाखाली जात नाही. फॉर्मॅलिनमध्ये तो नीट मुरावा लागतो, त्याला काही तास जातात. मग रात्रभर यंत्रात त्यातले पाणी अल्कोहोलने काढून, झायलीनमधून नेऊन त्यात मेण भरले जाते. दुसऱ्या दिवशी त्या मेणाचा ठोकळा होतो, ज्याला आम्ही ब्लॉक म्हणतो, आणि त्याचे तीन-चार मायक्रॉन जाडीचे काप काचेवर घेऊन रंगवले जातात. तेव्हा कुठे पॅथॉलॉजिस्टच्या हाती स्लाइड पडते. इथपर्यंत सारे सुरळीत झाले तरी दोन-तीन दिवस गेलेले असतात, आणि मध्ये रविवार किंवा सुट्टी आली तर तो दिवस वेगळाच.

यापुढचा उशीर निरनिराळ्या कारणांनी होतो. क्षयासारख्या गाठी, म्हणजे ग्रॅन्युलोमा, दिसल्या तर जंतू शोधण्यासाठी झील-नील्सन नावाचे वेगळे रंगकाम करतात. पेशी संशयास्पद दिसल्या तर त्या कोणत्या प्रकारच्या आहेत हे ठरवण्यासाठी इम्युनोहिस्टोकेमिस्ट्री करतात, आणि त्यात आणखी काही दिवस जातात. कधी पहिल्या कापात पुरेसे काही दिसत नाही, म्हणून त्याच ब्लॉकमधून खोलवरचे काप घेतले जातात. म्हणजे उशीर क्षयामुळेही होतो, कर्करोगामुळेही होतो आणि तंत्रज्ञ रजेवर गेल्यामुळेही होतो. त्यावरून निकालाचा अंदाज बांधू नका. आमच्याच प्रयोगशाळेतल्या माणसांच्या घरी अशी वेळ आली तेव्हा आम्हालाही तो बांधता आलेला नाही.

खिडकीवर ‘रिपोर्ट कधी येईल’ असे विचारले तर ‘येईल’ हेच उत्तर मिळणार. त्याऐवजी प्रयोगशाळेचा नोंदणी क्रमांक सांगून ‘स्लाइड डॉक्टरांकडे गेली आहे का, की पुढची तपासणी सांगितली आहे?’ असे विचारा. याचे उत्तर देता येते आणि बहुतेक ठिकाणी ते मिळतेही.

दोन गोष्टींची मनाची तयारी मात्र ठेवा. एक म्हणजे ‘नमुना अपुरा’ किंवा ‘केवळ मृत पेशी आढळल्या’ असा शेराही येऊ शकतो, कारण सुई कधी गाठीच्या कुजलेल्या भागातच जाते. मग तपासणी पुन्हा करावी लागते. दुसरी म्हणजे कल्चर. क्षयाचे जंतू फार सावकाश वाढतात. द्रवरूप माध्यमातले कल्चर ४२ दिवस ठेवल्याशिवाय त्याला निगेटिव्ह म्हणत नाहीत. जंतू असतील तर ते बऱ्याचदा त्याच्या आधी दिसतात. म्हणून घरात सगळ्यांना आताच सांगून ठेवा की रिपोर्ट दोन आहेत आणि ते एकाच दिवशी येणार नाहीत, नाहीतर पहिला हाती आल्यावरही आई दुसऱ्यासाठी तशाच जागत राहतील. सलाइनची बाटली वेगळी दिली गेली हे फार चांगले झाले. सगळाच तुकडा फॉर्मॅलिनमध्ये गेला असता तर त्यावर कल्चर करताच आले नसते. सलाइनमधल्या नमुन्यावर जीन एक्सपर्ट, म्हणजे क्षयाच्या जंतूंचा डीएनए शोधणारी तपासणी सांगितली आहे का, तेही डॉक्टरांना विचारून घ्या. ती यंत्रात लावल्यावर दोन तासांच्या आसपास निकाल देते.

आणि निकाल काहीही लागो, स्लाइड आणि ब्लॉक मागून घेऊन जपून ठेवा. दुसरे मत घ्यायचे झाले तर दुसऱ्या रुग्णालयात तेच मागतात.


प्रतिसाद : दादरचा विनायक

माझ्या आईच्या वेळी आम्ही यातून गेलो आहोत. रिपोर्ट आम्हाला रात्री साडेअकराला मोबाइलवर आला. इंग्रजीतले चार परिच्छेद होते, खाली ‘लक्षणांशी ताडून पाहावे’ अशा अर्थाचे एक वाक्य होते, आणि त्या वाक्याने आम्ही सगळे रात्रभर जागे राहिलो. दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले की ते वाक्य जवळपास प्रत्येक रिपोर्टवर असते. म्हणून माझे मत असे, की मोबाइल क्रमांक एकाच माणसाचा द्यावा, मेसेज आला की डॉक्टरांची वेळ आधी घ्यावी आणि रिपोर्ट त्यांच्या समोरच उघडावा. हे ज्यांना जमत नाही त्यांना मी दोष देणार नाही. पण संध्याकाळनंतर उघडायचा नाही, एवढे तरी ठरवाच, कारण रात्री शंका विचारायला कोणी नसते.

भावाला एक काम द्या. विमा, डॉक्टरांची वेळ, आधीच्या सगळ्या तपासण्यांची क्रमवार फाइल, यांपैकी काहीही चालेल. माझ्या बहिणीला फाइल दिल्यापासून तिचे रात्रीचे फोन बंद झाले. फोनची वेळही ठरवा आणि ती जेवणाच्या आधीची असू द्या.

बाबांना सांगावे की नाही याबद्दल मी आईच्या बाजूचा नाही. पण तुम्ही स्वतःहून सगळे सांगून टाकण्यापेक्षा त्यांनाच विचारा, ‘रिपोर्ट आला की तुम्हाला डॉक्टरांकडून ऐकायचे आहे, की आधी आम्ही ऐकून येऊ?’ माझी आई म्हणाली होती, ‘माझा आहे ना, मग मीच ऐकणार.’ काही माणसे नको म्हणतात, तेही मान्य करावे.

एक सावधगिरी. खोकला वाढला म्हणून जवळच्या औषधांच्या दुकानातून परस्पर अँटिबायोटिक आणून देऊ नका. लिव्होफ्लॉक्सासिनसारखी काही औषधे क्षयावरही अर्धवट चालतात. तात्पुरते बरे वाटते आणि निदान लांबते. आणि तुकडा काढल्यानंतर अचानक धाप लागली, छातीत दुखले किंवा खोकल्यातून रक्त पडू लागले, तर रिपोर्टची वाट न पाहता थेट अपघात विभागात जा.


प्रतिसाद : सायलेंट मोड

आई झोपत नाहीत असे तुमच्या लिहिण्यावरून वाटते. १४४१६ हा मानसिक आरोग्यासाठीच्या सरकारी टेलि-मानस सेवेचा फोन क्रमांक आहे, चोवीस तास चालतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येते. तिथे रुग्णानेच फोन करावा असे नाही, घरच्यांनी केला तरी चालतो. मी दोनदा केला आहे. एकदा फोन लागायला वेळ लागला, पण पलीकडच्या बाईंनी घाई न करता ऐकून घेतले.


धागाकर्ती : लालबागकर

सर्वांचे मनापासून आभार. प्रयोगशाळेच्या खिडकीवर सांगितल्याप्रमाणे विचारले. स्लाइड पाहून झाली आहे आणि विशेष रंगकाम सांगितले आहे, एवढे कळले. ते का सांगितले, हे मी विचारले नाही. जीन एक्सपर्टबद्दल डॉक्टरांना उद्या विचारणार आहे. भावाने फाइल करायला घेतली असून आता तो मला आकड्यांऐवजी जुने एक्स-रे कुठे आहेत ते विचारतो.

बाबांना काल रात्री जेवताना विचारले. आई ताट तसेच ठेवून उठून गेली. बाबा म्हणाले, ‘डॉक्टरांकडे मी येणार. दोन्हींपैकी काय आहे ते मला सरळ सांगा, क्षयाची माणसं मी गिरणीत खूप पाहिली आहेत.’ ‘दोन्हींपैकी’ हे त्यांना कोणी सांगितले होते, ते मला माहीत नाही.

आता एकच विचारायचे आहे. क्षयच निघाला तर कल्चर येईपर्यंत थांबतात, की त्याआधीच औषधे सुरू करतात? आणि घरात माझी चार वर्षांची भाची अधूनमधून राहायला येते, तिला तोवर आणू नये का? हे मी डॉक्टरांनाही विचारणारच आहे, पण ज्यांच्या घरी लहान मूल होते त्यांनी प्रत्यक्षात काय केले, ते वाचायला आवडेल.