गुन्हेगारांची ॲनिमे (जपानी ॲनिमेशन मालिका), तीही कोवळ्या मनाला न झेपणारी: 'ब्लॅक लगून' कुणी कुणी पाहिली?

रात्रपाळी
काल धाकट्या भावाचा फोन आला. दहा वर्षं ज्या कंपनीत राबला तिथून त्याला काढलं. फोनवर, तीन मिनिटांत. "दादा, साहेब अगदी गोड बोलत होते रे," एवढंच म्हणाला आणि गप्प बसला. मला 'ब्लॅक लगून'मधला रॉक आठवला, आणि २०१० सालची पुण्यातली कॉट बेसिसची खोली. चार जण, एक लॅपटॉप, उशीवर तिरका ठेवलेला.

ज्यांनी पाहिली नाही त्यांच्यासाठी: ओकाजिमा रोकुरो हा टोकियोच्या बड्या कंपनीतला साधा नोकरदार. कंपनीची एक डिस्क घेऊन बोटीने निघालेला असतो, वाटेत चाचे पकडतात. साहेबाचा फोन येतो. याला वाटतं, सुटकेचं बोलतील. साहेब सांगतो, कंपनीच्या लेखी तू मेलास. डिस्क बुडावी म्हणून भाडोत्री सैनिकही पाठवलेले असतात. मग हा टायवाला माणूस, ज्यांनी पळवलं त्यांनाच युक्ती सुचवतो: अर्धवट बुडालेल्या जहाजाचा उतार करा, बोट हवेत उडवा आणि टॉर्पेडो थेट हेलिकॉप्टरवर सोडा. खोलीतले चौघंही ओरडलो होतो. मालक वर आले होते.

त्या वर्षी माझीही नोकरी गेली होती. घरी तीन महिने सांगितलं नव्हतं. जुनं नाव टाकून 'रॉक' झालेला तो माणूस शर्ट-टाय मात्र शेवटपर्यंत सोडत नाही, हे मला तेव्हा फार जवळचं वाटलं. मीही रोज सकाळी इस्त्रीचा शर्ट घालून बाहेर पडायचो.

तुम्ही कधी पाहिलीत, कुणासोबत, काय राहिलं मनात? लिहा.

तिवराची सावली
त्या चाच्यांच्या बोटीबद्दल मी बोलणार! मालवणचा आहे, मर्चंट नेव्हीत इंजिनवर. ती एल्को या अमेरिकी कंपनीची ८० फुटी टॉर्पेडो बोट, दुसऱ्या महायुद्धातली. लाकडी अंग, तीन पॅकार्ड इंजिनं, तीही पेट्रोलवर. अशी बोट तिवरांच्या खाडीतून पळवायची म्हणजे छाती पाहिजे. दुसऱ्या भागाच्या नावातच तिवर आहेत, म्हणून हे नाव घेतलं.

एक सांगतो. मलाक्काच्या सामुद्रधुनीतून जाताना आम्ही रात्री चाच्यांसाठी पहारा ठेवायचो. कठड्याला काटेरी तारा, पाण्याचे होस जोडून तयार. पहारा संपला की केबिनमध्ये हीच मालिका. पडद्यावर चाचे आपले वाटायचे आणि बाहेर दूरवर एखादा दिवा हलला की पोटात गोळा यायचा. डोक्यातून गेलं नाही अजून.

भावाचं क्षेत्र कोणतं? व्यनि (खाजगी निरोप) करा.

अर्धा कप
रेव्ही!!! त्या बोटीवरची बंदूकवाली! बाकी काही लिहित नाही, बस आली.

दोन वेण्या
कुकर लावलाय, तीन शिट्ट्यांत लिहिते. कुणाला ही मालिका सुचवताना जुळ्यांचे भाग आधी सांगत जा, हात जोडून विनंती. १३ ते १५. मी सहा वर्षं बालगृहात समुपदेशक होते. हान्सेल आणि ग्रेटेल रोमानियातल्या अनाथालयातून आलेले. तिथला हुकूमशहा चाउशेस्कूने १९६६ मध्ये गर्भपातावर बंदी आणली, नको असलेली मुलं जन्मली, अनाथालयं ओसंडली, हा खरा इतिहास आहे. मालिका त्या मुलांचे खून लपवत नाही, आणि त्यांच्यासोबत काय झालं तेही. ग्रेटेल रॉकशी बोलते ना बोटीवर, तिथे लॅपटॉप बंद केला. भांडी घासली. दोन दिवस पुढचं लावलं नाही. आमच्याकडेही एक मुलगी अशीच हसून बोलायची, एकदम गोड.
दुसरी शिट्टी.

पाटीपेन्सिल
ताई, अगदी. मी भाचीला सुचवली तेव्हा तेवढे भाग सोडून बघ म्हणालो होतो. तिने तेच आधी पाहिले.

क्रम विचारणाऱ्यांसाठी: २००६ मध्ये दोन सीझन, बारा-बारा भाग. मग २०१०-११ मध्ये रोबेर्टा या मोलकरणीच्या वेशातल्या लढवय्या बाईवरचे पाच. मूळ मांगा (जपानी कॉमिक) रेइ हिरोएची. दिग्दर्शक सुनाओ काताबुची, ज्याने नंतर २०१६ ला 'इन धिस कॉर्नर ऑफ द वर्ल्ड' केला, युद्धकाळातल्या जपानच्या कुरे शहरातल्या साध्या सुनेची गोष्ट. एकाच माणसाची कामं आहेत हे कळल्यावर मी दोन्ही पुन्हा पाहिली. घरातल्या वस्तूंकडे बघायची त्याची नजर दोन्हीकडे सारखीच.

जोडीला '९१ डेज' बघा, दारूबंदीच्या काळातली अमेरिका, सूडकथा, बारा भागांत खेळ खलास. 'मॉन्स्टर' ७४ भागांची, सुट्टी असेल तरच.

निशिकासाई
तोक्योहून. दुसऱ्या सीझनच्या शेवटची जपानची कथा विसरलात सगळे! रॉक स्वतःच्या देशात परततो तो बालालायका या टोळीप्रमुख बाईचा दुभाषा म्हणून. याकुझांसमोर (जपानी गुंडटोळ्या) बसून रशियन बाईचं बोलणं जपानीत सांगतो. मी इथे आठ वर्षं दुभाषाचंच काम करते. दुसऱ्याचं कठोर वाक्य आपल्या तोंडून जातं तेव्हा समोरचा आपल्याकडेच बघतो. ते दृश्य ज्याने लिहिलं त्याला ते माहीत होतं.

अर्धा कप
पोचले. रेव्हीबद्दल आता नीट. सातवा भाग: बाजारात तिचं आणि रॉकचं कडाक्याचं भांडण, आणि मग पोलिसांच्या गाडीत मागे बसून ती त्याच्या पेटत्या सिगरेटवर आपली सिगरेट पेटवते. माफी नाही, काही नाही. मी आणि माझी मैत्रीण दीड वर्ष बोललो नव्हतो. तो भाग बघून तिला फक्त "जेवलीस का?" असा मेसेज केला. आता ती शेजारच्या इमारतीत राहते.

तिवराची सावली
@निशिकासाई, तिकडे कोकम मिळतं का हो? योकोहामाला पुढच्या महिन्यात जहाज लागतंय, आणतो.

निशिकासाई
मिळतं, पण काळं ठिक्कर आणि महाग. आणाच दादा!

रात्रपाळी
सगळ्यांचं वाचलं. भाऊ शनिवारी येतोय, पहिले दोन भाग सोबत बघणार आहे. @तिवराची सावली, व्यनि केलाय. तो हिशेबाचं काम करायचा, जहाज कंपनीत चालेल का बघा.

दोन वेण्या
तिसरी शिट्टी केव्हाच झाली. @रात्रपाळी, त्याला आल्या आल्या लावू नका हो, आधी जेवू द्या. काय आवडतं त्याला?

रात्रपाळी
घावणे आणि नारळाचा रस. तांदूळ भिजत घालावे लागतील ना शुक्रवारी?

दोन वेण्या
शुक्रवारी रात्रीच. जुना तांदूळ घ्या, आणि बिडाचा तवा असेल तर तोच.