मदत हवी आहे: बायसनमध्ये ऐच्छिक अर्धविराम कसा हाताळावा?

बायसन ३.८ (व्याकरणावरून पार्सर, म्हणजे कोडची रचना ओळखणारा प्रोग्राम, बनवणारं साधन) वापरतोय. विधानाच्या शेवटी अर्धविराम ऐच्छिक आहे आणि लेक्सर (कोडचे टोकन, म्हणजे सुटे शब्द-चिन्हं, पाडणारा भाग) नवी ओळ गाळतो. त्यामुळे एका ओळीवर ‘क’ आणि पुढच्या ओळीवर ‘-ख’ आलं की शिफ्ट-रिड्यूस कॉन्फ्लिक्ट येतो (पुढचं टोकन जोडून घ्यायचं, म्हणजे शिफ्ट, की आधीचा भाग तिथेच पूर्ण करायचा, म्हणजे रिड्यूस): वजाबाकी, की दोन विधानं? काउंटरएक्झाम्पल्सची (कॉन्फ्लिक्टचं उदाहरण दाखवणारी) वॉर्निंगही हीच जोडी दाखवते. अपेक्षित कॉन्फ्लिक्टची संख्या सांगणाऱ्या ‘%एक्स्पेक्ट’ने इशारा दबतो, पण बायसन शिफ्टच निवडतो, म्हणजे कायम वजाबाकी. ‘इफ-एल्स’मध्ये ते चालतं, इथे पार्स-ट्रीच (कोडच्या रचनेचं झाड) चुकतं. जीएलआरमध्ये (सगळ्या शक्यता समांतर तपासणारा पार्सर) एक पर्याय निवडणारं ‘%डीप्रेक’ किंवा पर्याय एकत्र करणारं ‘%मर्ज’ नसेल तर पार्स करताना संदिग्धतेची एरर येते.

नवी ओळ टोकन करावी आणि कंस उघडा असताना गाळावी, हे मला जास्त पटतं. पण मग ‘एल्स’ पुढच्या ओळीवर असेल तर एकच टोकन पुढे पाहणाऱ्या पार्सरला (लुकअहेड) तो दिसत नाही. लेक्सरनेच एक टोकन पुढे डोकावावं, की व्याकरणात काही सुटसुटीत मार्ग आहे?