बायकोच्या फोनमध्ये गुपचूप अ‍ॅप टाकलं तर पुरावा म्हणून चालतं का?

प्रश्न: बायकोचं बाहेर काही चालू आहे असा संशय आहे. मेसेज आणि लोकेशन दाखवणारं अ‍ॅप तिला न सांगता टाकलं तर घटस्फोटाच्या केसमध्ये उपयोग होईल का? आणि ते पकडलं जातं का?

प्रतिसाद १: टाकू नका. परवानगीशिवाय दुसऱ्याच्या फोनमधला डेटा काढल्याबद्दल माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम 43 आणि 66 खाली गुन्हा दाखल होऊ शकतो. शिक्षा 3 वर्षांपर्यंत कैद, 5 लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. शिवाय पुरुषाने बाईच्या इंटरनेट-ईमेल वापरावर पाळत ठेवणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 मध्ये (पाठलाग-पाळतीचा गुन्हा) येतं, आणि नवरा असल्याची सूट त्यात कुठेही नाही.

पुराव्याचं म्हणाल तर 14 जुलै 2025 चा सुप्रीम कोर्टाचा निकाल सगळे दाखवतात. चोरून केलेलं रेकॉर्डिंग त्यात मान्य झालं खरं, पण ते नवरा-बायकोचं आपसातलं बोलणं होतं. रेकॉर्ड करणारा स्वतः त्या फोनवर होता. तिचे तिसऱ्या माणसाशी झालेले चॅट उचलणं ही वेगळी गोष्ट. ऑक्टोबर 2024 मध्ये मद्रास हायकोर्टाने तर नवऱ्याने बायकोचे कॉल रेकॉर्ड परस्पर मिळवले म्हणून ते पुराव्यातून बाद केले.

सरळ रस्ता आहे. आधी दावा, मग वकिलामार्फत मोबाइल कंपनीकडून सीडीआर, म्हणजे कॉलची नोंद, मागवण्याचा कोर्टात अर्ज. कंपन्यांना तो 2 वर्षं जपून ठेवावा लागतो, त्यामुळे उशीर करू नका. त्यात नंबर, वेळ, कालावधी आणि टॉवर मिळतो. बोलणं मिळत नाही, व्हॉट्सअ‍ॅप कॉलही दिसत नाहीत.

प्रतिसाद २: पकडलं जातं, आणि बऱ्याचदा सहज. अँड्रॉइडवर मेसेज वाचायला अ‍ॅपला अ‍ॅक्सेसिबिलिटी (स्क्रीन वाचायची परवानगी) किंवा नोटिफिकेशन अ‍ॅक्सेस लागतो. सेटिंग्जमधल्या त्या दोन याद्यांत 'सिस्टिम सर्व्हिस'सारखं साधं नाव घेऊन ते बसलेलं असतं. प्ले स्टोअरमध्ये प्ले प्रोटेक्ट (घातक अ‍ॅप शोधणारी गुगलची तपासणी) कुणीतरी बंद करून ठेवलेलं दिसलं, तर ती मोठी खूण समजा. काढताना आधी 'डिव्हाइस अ‍ॅडमिन'मधून त्याचा हक्क काढायचा, नाहीतर अनइन्स्टॉलचं बटण चालतच नाही. व्हॉट्सअ‍ॅपचं 'लिंक्ड डिव्हाइसेस'ही बघा, कारण तिथे अ‍ॅपशिवायच सगळं वाचता येतं. आयफोनवर आयओएस 16 पासून 'सेफ्टी चेक' आहे, त्यात कुणाला काय दिसतंय ते बघून बंद करता येतं.

आणखी एक. हा डेटा तुमच्याकडे थेट येत नाही, आधी अ‍ॅपवाल्याच्या सर्व्हरवर जातो. 2023 मध्ये लेटमीस्पाय नावाचं असंच एक अ‍ॅप हॅक झालं आणि ज्यांच्यावर नजर होती त्यांचे मेसेज, लोकेशन बाहेर फुटले. बायकोचे फोटो आणि तुमच्या मुलांच्या शाळेचा रस्ता त्याच ढिगात असतो.

प्रतिसाद ३: वरचं वाचून कुणाला स्वतःच्याच फोनमध्ये असं काही सापडलं, तर लगेच उडवू नका. अ‍ॅप गप्प झालं की टाकणाऱ्याला कळतं. घरात मारहाणीची भीती असेल तर आधी सुरक्षित जागा बघा आणि त्याबद्दलचं बोलणं दुसऱ्या फोनवरून करा. स्क्रीनचे फोटोही दुसऱ्याच फोनने काढा. गुगलचा पासवर्ड बदलायचा तोही त्या दुसऱ्या फोनवरूनच, मग अ‍ॅप असलेला फोन फॅक्टरी रीसेट. जुन्या बॅकअपमधून अ‍ॅप्स परत आणू नका, फक्त फोटो आणि कॉन्टॅक्ट घ्या.