बाभूळ ‘अकेशिया’ राहिली नाही: वंशावळीवरून प्रजाती ठरवणे कितपत योग्य?

रानवाटा:
आपली बाभूळ शास्त्रीय नावाने दीर्घकाळ अकेशिया निलोटिका, म्हणजे अकेशिया या प्रजातीतली (जीनस, जवळच्या जातींचा गट) निलोटिका ही जाती (स्पीशीज) होती. आता ती व्हॅचेलिया निलोटिका झाली आहे. हिवरही व्हॅचेलियात गेला, तर खैर आणि शिकेकाई यांची रवानगी सेनेगालियात झाली. रस्त्यांच्या कडेला आणि माळांवर आणून लावलेली ऑस्ट्रेलियन बाभूळ मात्र अकेशियाच आहे. वर्गीकरण हे अभ्यासकाच्या हातातले साधन असेल, तर ते रानात भिंग घेऊन उभ्या असलेल्या माणसाला वापरता आले पाहिजे, असे माझे मत आहे. डीएनएवरून काढलेली वंशावळ कितीही अचूक असली, तरी तिच्यासाठी जुने वनस्पतिकोश, औषधींच्या याद्या आणि वनस्पतिसंग्रहांतील कागद एका फटक्यात कालबाह्य करणे मला पटत नाही.

पानदेठ:
नेमके भिंग घेऊनच पाहावे, अशी माझी विनंती आहे. बाभळीचे सरळ, पांढरट काटे पानाच्या तळाशी जोडीने येतात आणि ते उपपर्णांचे (पानाच्या तळाशी येणाऱ्या छोट्या पर्णसदृश भागांचे) रूपांतर होऊन बनलेले असतात. फुलांचे पिवळे गोल गेंद असतात. खैराचे काटे आखूड व आकडीसारखे वाकलेले, ते सालीतून उगवतात आणि त्याची फुले लांबट कणसांत येतात. ऑस्ट्रेलियन बाभळीला तर काटेच नाहीत, आणि आपण जिला तिची पाने म्हणतो ते चपटे झालेले देठ आहेत. हे तीन गट बेंथम या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने 1875 मध्येच, डीएनएचा मागमूस नसताना, अकेशियाच्या पोटात वेगळे मांडले होते. व्हॅचेलिया हे नाव त्याहूनही जुने, 1834 चे, आणि तेही वाइट व आर्नॉट यांच्या भारतीय द्वीपकल्पातील वनस्पतींवरच्या ग्रंथातले आहे. जुन्या कोशांचे म्हणाल, तर कुक यांच्या मुंबई इलाख्याच्या वनस्पतिकोशात (1901 ते 1908) बाभूळ अकेशिया अरेबिका आहे. म्हणजे जे नाव गेल्याचे आपल्याला दुःख आहे, तेसुद्धा एकदा बदलूनच आलेले होते.

रानवाटा:
मग बेंथमचा मार्गच का सोडावा? त्याने भेद ओळखले आणि तरीही प्रजाती एकच ठेवली. कोणती फांदी कोठून फुटली एवढेच वंशावळ सांगते. त्यांपैकी कोणत्या फांदीला ‘प्रजाती’ म्हणायचे, हे शेवटी माणूसच ठरवतो. शिवाय नियमाप्रमाणे प्रजातीचे नाव तिच्या नमुना जातीबरोबर (ज्या जातीशी ते नाव कायमचे बांधलेले असते तिच्याबरोबर) राहते, आणि अकेशियाची नमुना जाती बाभूळ होती. व्हिएन्नातील 2005 च्या आंतरराष्ट्रीय वनस्पतिशास्त्र काँग्रेसमध्ये ते नाव ऑस्ट्रेलियन गटाला देण्याची शिफारस सुमारे 55 टक्के मते विरोधात पडूनही टिकली, कारण ती फेटाळण्यासाठी 60 टक्क्यांची अट होती. 2011 मध्ये मेलबर्नला त्यावर शिक्कामोर्तब झाले. याला विज्ञान म्हणायचे की मतदान?

गवताळ:
आपण दोन वाद एकत्र करत आहात. नाव कोणाला मिळावे हा मतदानाचाच विषय होता आणि निकाल मलाही खटकतो. पण ऑस्ट्रेलियातील सुमारे एक हजार जातींची नावे बदलायची की बाभळीच्या गटातील दीडशेहून अधिक जातींची, एवढाच तेथे प्रश्न होता. गट वेगळे आहेत की नाहीत, यावर कोणी हात वर करून मत दिले नाही. ऑस्ट्रेलियन बाभळीचे नाते आपल्या बाभळीपेक्षा शिरीषाच्या गणगोताशी अधिक जवळचे निघाले. त्यामुळे सर्वांना एकाच प्रजातीत ठेवायचे असेल, तर शिरीष आणि रेन ट्री यांनाही अकेशिया म्हणावे लागेल. आणि ती दोन्ही झाडे बाहेर ठेवली, तर बेंथमची प्रजाती हा एक संपूर्ण वंश (एक पूर्वज आणि त्याचे सर्व वंशज) उरत नाही. रानात भिंग घेऊन उभ्या असलेल्या आपल्या माणसाला यातले काय अधिक सोयीचे वाटेल?

रानवाटा:
शिरीषाचा मुद्दा बिनतोड आहे, हे मान्य. तरीही माझा आक्षेप वेगाला आहे. प्रोसोपिस या प्रजातीचीही 2022 मध्ये फाळणी झाली. शमी प्रोसोपिसच राहिली आणि वेडी बाभूळ नेल्ट्युमात गेली. प्रत्येक नव्या वंशवृक्षानंतर लगेच नावे बदलण्याऐवजी, निष्कर्ष स्थिरावेपर्यंत उपप्रजातीची (प्रजातीच्या पोटातल्या गटाची) पायरी वापरली असती तर काय बिघडले असते?

पानदेठ:
शमीला काटे फांदीच्या दोन पेरांमधल्या भागावर विखुरलेले असतात, तर वेड्या बाभळीला पानाच्या तळाशी, पेरावर. हाही भेद पूर्वीपासून नोंदलेला होता. अजून किती थांबायचे?