सिनॅप्स दहा महिने अपडेट केलं नाही, डिस्क भरत आलीये, काय करू?

रात्रपाळी:
आमच्या साठेक जणांच्या ग्रुपसाठी मी मॅट्रिक्स या खुल्या चॅट प्रोटोकॉलचा सिनॅप्स नावाचा सर्व्हर चालवतो. सुरुवातीला दर रिलीज लगेच टाकायचो, मग कामाच्या धबडग्यात दहा महिने हातच लागला नाही. काल बघितलं तर डिस्क ९२ टक्के भरलेली, डेटाबेस १४० जीबी आणि त्यातला बहुतेक भाग स्टेट_ग्रुप्स_स्टेट या एकाच टेबलचा. एवढे मेसेज आमच्यात कोणी टाकतच नाही, मग हे आलं कुठून? शिवाय लायसन्स बदललंय म्हणे, म्हणून सगळं सोडून प्रॉसडी या दुसऱ्या चॅट सर्व्हरवर जावं का असंही डोक्यात घोळतंय. पण लोकांच्या जुन्या गप्पा त्यात आहेत, त्या गेल्या तर मला फार वाईट वाटेल.

पोस्टग्रेसवाली:
मेसेजमुळे नाही होत ते. तुमच्यापैकी कोणीतरी हजारो मेंबरांच्या पब्लिक रूममध्ये गेलेलं असणार, आणि त्या रूममध्ये कोण आलं, कोण गेलं, कोणाला कुठले अधिकार, ही सगळी स्टेट तुमचा सर्व्हरही साठवत बसतो. आधी ॲडमिन एपीआयवरून (सर्व्हर सांभाळणाऱ्यासाठीच्या कमांड) कुठली रूम जड आहे ते शोधा, कोणाला नको असेल तर पर्ज करा, म्हणजे सर्व्हरवरून पुसून टाका, उरलेल्यावर स्टेट कॉम्प्रेस करायचं रस्ट भाषेत लिहिलेलं टूल आहे ते चालवा.
पण एक सांभाळा. टेबलातल्या ओळी (रो) डिलीट झाल्या म्हणजे डिस्क लगेच मोकळी होत नाही, पोस्टग्रेस डेटाबेसची सफाईची कमांड, म्हणजे साधं व्हॅक्युम, ती जागा टेबलच्या आतच पुन्हा वापरायला ठेवतं. व्हॅक्युम फुल केलं तर परत मिळते पण ते टेबलची नवी कॉपी लिहितं, म्हणजे तेवढी जागा आधी हवी, आणि तोवर टेबल लॉक. ९२ टक्क्यांवर हे करूच नका, आधी डिस्क वाढवून घ्या.

रात्रपाळी:
बरं झालं विचारलं, मी रात्री तेच चालवणार होतो! मग अपडेट आधी की सफाई आधी?

जुना_ॲडमिन:
सगळ्यात आधी बॅकअप. पीजी_डंप (डेटाबेसची प्रत), मीडियाचं फोल्डर, कॉन्फिग आणि साइनिंग की, चारही. साइनिंग की लोक हमखास विसरतात, आणि बाकीचे सर्व्हर तुम्हाला ओळखतात ते तिच्यावरूनच. डंप घेताना ई२ई_वन_टाइम_कीज_जेसन या टेबलचा (एन्क्रिप्शनच्या एकदाच वापरायच्या कीजचा) डेटा वगळा, नाहीतर रिस्टोअर केल्यावर एकदा वापरलेली की पुन्हा दिली जाते आणि काही मेसेज उघडतच नाहीत. मग तो डंप दुसऱ्या मशीनवर खरंच रिस्टोअर करून बघा.
जागा झाली की अपडेट. अपग्रेड नोट्स तुमच्या व्हर्जनपासून पुढे एकेक वाचा, कारण डेटाबेसच्या टेबलांची रचना, म्हणजे स्कीमा, सर्व्हर सुरू होताना आपोआप बदलते आणि फार पुढे गेल्यावर जुन्या व्हर्जनवर मागे येता येत नाही. पायथन आणि पोस्टग्रेसचं किमान व्हर्जनही मधे वाढलेलं असू शकतं.
लायसन्सचं म्हणाल तर २०२३ च्या शेवटी सिनॅप्स बनवणाऱ्या एलिमेंट कंपनीने ते अपाचे लायसन्सवरून एजीपीएल लायसन्सवर नेलं. कोडला हात न लावता चालवत असाल तर तुमचं काही अडत नाही, बदल करून चालवलं तर वापरणाऱ्यांना सोर्स द्यायला लागतो. प्रॉसडी हलकं आणि छान आहे पण ते एक्सएमपीपी या वेगळ्याच चॅट प्रोटोकॉलवर चालतं, तुमच्या रूम आणि हिस्टरी तिकडे सरळ जाणार नाहीत.

खिडकी_उघडी:
एक भर घालतो, पॅकेजची सही तपासायची सवय लावा. अनरियलआयआरसीडी या जुन्या धाटणीच्या चॅट सर्व्हरच्या ३.२.८.१ व्हर्जनची फाइल काही मिररवर (डाउनलोडच्या प्रती ठेवणारे सर्व्हर) कोणीतरी बदलून त्यात बॅकडोअर, म्हणजे चोरदरवाजा, घातला होता, नोव्हेंबर २००९ पासून जून २०१० पर्यंत कोणाच्या लक्षात आलं नाही. त्यानंतर ते रिलीजवर पीजीपीची डिजिटल सही द्यायला लागले. आणि तुम्हाला बग सापडला तर लॉगसकट नीट इश्यू टाका हो, सांभाळणारी माणसं मोजकी असतात, "चालत नाही" एवढ्यावरून त्यांनी काय शोधायचं?

रात्रपाळी:
डिस्क वाढवली, बॅकअप दुसऱ्या मशीनवर उघडला, जुन्या गप्पा सगळ्या दिसल्या. जड रूमही सापडली, आमच्यातला एकजण एकदाच बघायला म्हणून गेला होता आणि निघायचं राहून गेलं. पर्ज आत्ता चालू आहे, अपडेट शनिवारी.