घरच्या घरी रोजचा व्यायाम कसा टिकवावा? ६,००० रुपयांत काय घ्यावे? (सोलापूर)

हिशेबनीस
नमस्कार. माझे वय ४६, उंची १५६ सेंटिमीटर आणि वजन ७६ किलो आहे. टॉवेलच्या एका कारखान्यात मी हिशेब लिहिते, त्यामुळे सकाळी साडेनऊपासून सायंकाळी साडेसहापर्यंत बसूनच असते. डॉक्टरांनी सहा महिन्यांत सहा किलो वजन उतरवण्यास सांगितले आहे. रक्तदाबाची एक गोळी चालू आहे, साखर मर्यादेत आहे, मात्र जिना उतरताना डावा गुडघा दुखतो.

जुळे सोलापुरात आमचे बैठे घर आहे आणि पुढच्या खोलीत व्यायामापुरती दहा बाय आठ फूट जागा मोकळी होते. सकाळी पावणेसहा ते सव्वासहा एवढाच वेळ माझ्या हातात असतो. गेल्या दोन वर्षांत मी तीन वेळा व्यायाम सुरू केला आणि तिन्ही वेळा तो तिसऱ्या आठवड्यात सुटला. आमच्याकडे चार दिवसांआड नळाला पाणी येते, तेही बहुधा पहाटे, आणि धार बारीक असल्यामुळे ते हंड्या-बादल्यांनी पिंपांत भरण्यात दीड-दोन तास जातात. त्या दिवशी व्यायाम बुडतो आणि एकदा बुडाला की पुढचे दोन दिवसही हात-पाय हलवण्याची इच्छा राहत नाही.

मी ६,००० रुपये बाजूला काढले आहेत. त्यात कोणते साधन घ्यावे आणि रोजचा क्रम कसा ठेवावा, हे कृपया सांगावे.

होटगीरोडकर
ताई, स्पष्ट सांगतो, ट्रेडमिल घ्या. मी गेल्या वर्षी ३२,००० रुपयांना घेतली आणि अकरा महिन्यांत नऊ किलो वजन उतरवले. आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा बेचाळीस-त्रेचाळीसवर जातो आणि सकाळी सात वाजल्यानंतर रस्त्यावर चालणे अशक्य होते, तेव्हा घरात पंख्याखाली चालता येणे ही मोठी सोय आहे. मोटर घेताना कमाल शक्तीचा आकडा पाहू नका, सतत मिळणारी शक्ती किमान दोन अश्वशक्ती आहे का ते विचारा. यंत्राची भारक्षमता आपल्या वजनापेक्षा पंचवीस-तीस किलोंनी जास्त असावी. यंत्रासाठी १६ अँपिअरचा स्वतंत्र सॉकेट काढून घ्या आणि पट्ट्याखाली वेळोवेळी सिलिकॉन तेल घाला, कारण हे न केल्यामुळे माझ्या मेहुण्यांचा पट्टा वर्षभरात घासून गेला. सहा हजारांत काही होणार नाही, थोडे थांबून पैसे साठवा.

पहाटफेरी
चालण्यासाठी बत्तीस हजार रुपये घालण्याची गरज मला मुळीच पटत नाही. मी सहा वर्षांपासून रोज पहाटे कंबर तलावाकडे फिरायला जाते आणि आजवर केवळ बुटांवर खर्च केला आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० सालच्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढ माणसाने आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा. रोज अर्धा तास झपाट्याने चाललात तर आठवड्याला २१० मिनिटे होतात. घरात कोंडून घेऊन केलेला व्यायाम टिकत नाही, चार मैत्रिणी सोबत असल्या की आपोआप जाणे होते. चांगले बूट घ्या आणि बाहेर पडा.

हिशेबनीस
आपला मुद्दा बरोबर आहे, पण सासूबाई आजारी असतात आणि पहाटे त्यांना एकटे सोडून मला बाहेर पडता येत नाही. म्हणूनच घरच्या व्यायामाविषयी विचारले आहे.

अशोकचौक
ट्रेडमिल नको आणि सायकल तर मुळीच नको. मी एका जागी चालवायची व्यायामाची सायकल साडेसात हजारांना घरपोच मागवली. चौथ्या महिन्यात डावे पॅडल आतल्या दांड्यासकट निखळले. विक्रेत्याने दुरुस्तीसाठी माणूस पाठवण्याचे आश्वासन दिले आणि नंतर फोन उचलणेच बंद केले. ती सायकल आज माळ्यावर पडून आहे आणि त्या पैशांची आठवण झाली की मला अजून राग येतो. घ्यायचीच असेल तर दुकानात जाऊन, प्रत्यक्ष बसून, दहा मिनिटे चालवून घ्या. पॅडल सर्वांत खाली असताना गुडघा किंचित वाकलेला राहील एवढी बैठक उंच करता आली पाहिजे. बैठक त्याहून खाली राहिली तर गुडघा जास्त वाकतो आणि दुखणे वाढते.

तालमीतला
यंत्रांच्या मागे लागण्याची गरज नाही. औंध संस्थानाचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार केला तो याच विचाराने, की या व्यायामाला साधन लागत नाही, जागा पुरुषभर पुरते आणि डोक्यापासून पायापर्यंत सर्व अवयव हलतात. मी वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी रोज ५१ नमस्कार घालतो आणि रथसप्तमीला १०८ पूर्ण करतो. आपण बारापासून सुरुवात करा, दर आठवड्याला दोन वाढवा, सोबत पंचवीस बैठका मारा. तीन महिन्यांत वजन उतरलेले दिसेल.

फिजिओथेरपी_२२वर्षे
ताईंनी गुडघा दुखतो असे लिहिले आहे आणि तिकडे अद्याप कोणाचेही लक्ष गेलेले दिसत नाही. पूर्ण खाली जाणाऱ्या बैठका त्यांनी सध्या करू नयेत. जिना उतरताना दुखणाऱ्या गुडघ्याला बहुतेक वेळा मांडीच्या पुढच्या स्नायूची ताकद कमी पडत असते, आणि ती वाढवण्याचे व्यायाम अगदी साधे आहेत. हात न टेकता खुर्चीवरून उठणे आणि सावकाश बसणे, दहा वेळा. पाठीवर झोपून एक पाय वाकवलेला आणि दुसरा सरळ ठेवून, सरळ पाय फूटभर उचलून पाच आकडे धरणे, प्रत्येक पायाने दहा वेळा. भिंतीला हात टेकून उभ्याने दंड, दहा वेळा. हे आठवड्यातून किमान दोन दिवस करावे, तीन दिवस झाले तर उत्तम. उरलेल्या दिवशी जागच्या जागी पावले उचलणे किंवा खोलीत फेऱ्या मारणे एवढ्या वेगाने करावे, की बोलता येईल पण गाणे म्हणता येणार नाही. रक्तदाबाची गोळी चालू असल्याने जोर लावताना श्वास कोंडून धरू नये, मोजणी मोठ्याने केली म्हणजे श्वास आपोआप चालू राहतो. छातीत दाब, चक्कर किंवा नेहमीपेक्षा जास्त धाप जाणवल्यास लगेच थांबून डॉक्टरांना दाखवावे.

वजनाचा हिशेबही मांडतो, कारण आपण हिशेबनीस आहात. एक किलो चरबी म्हणजे ढोबळमानाने ७,७०० उष्मांक. सहा किलोंचे ४६,२०० होतात आणि १८० दिवसांत विभागले तर रोज सुमारे अडीचशे उष्मांकांची तूट लागते. आपल्या वजनाला अर्धा तास झपाट्याने चालून सव्वाशे ते दीडशे उष्मांक खर्च होतात. म्हणजे निम्मे काम ताटात करावे लागेल. ताकदीचे व्यायाम वगळून केवळ खाणे कमी केले तर उतरलेल्या वजनात स्नायूंचाही वाटा जातो, आणि चाळिशीनंतर गमावलेला स्नायू परत मिळवणे कष्टाचे असते.

तालमीतला
मी चाळीस वर्षे बैठका मारतो आहे आणि माझे गुडघे उत्तम आहेत.

फिजिओथेरपी_२२वर्षे
आपले गुडघे उत्तम आहेत याचा आनंद आहे. परंतु आपण त्या बैठका तरुणपणी, कमी वजनावर सुरू केल्या. वजन एक किलोने घटले तर चालताना प्रत्येक पावलागणिक गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी घटतो, असे मोजमाप करून दाखवले गेले आहे. ताईंनी आधी तो भार उतरवावा. खुर्चीचा आधार घेऊन केलेले सूर्यनमस्कार त्यांना आजही चालतील.

मंगळवेढ्याची_लेक
ताटाचा विषय निघालाच आहे तर सांगते, चपाती बंद करून ज्वारीची भाकरी सुरू करा. मी तेवढ्या एका बदलाने चार किलो वजन उतरवले. आमच्या मंगळवेढ्याच्या ज्वारीसारखी ज्वारी कुठेही मिळत नाही, २०१६ साली तिला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे.

अशोकचौक
भाकरी आम्ही पिढ्यान्‌पिढ्या खातो, तरी घरातील तीन माणसांचे वजन जास्त आहे. भाकरीसोबत शेंगाची चटणी आणि वर तेलाची धार असते, तिचे काय?

फिजिओथेरपी_२२वर्षे
दोघांचेही म्हणणे अर्धे बरोबर आहे. ज्वारीच्या आणि गव्हाच्या पिठाचे उष्मांक वजनाला वजन जवळजवळ सारखेच असतात. भाकरीने पोट लवकर भरते आणि एक कमी खाल्ली जाते, हा तिचा फायदा. शंभर ग्रॅम शेंगदाण्यात साडेपाचशेहून अधिक उष्मांक असतात आणि तेलाच्या प्रत्येक ग्रॅमला नऊ. चटणी सोडू नका, पण ती चमच्याने मोजून घ्या. दिवसाचे दोन मोठे चमचे तेल कमी केले तर अडीचशे उष्मांकांचा प्रश्न जवळजवळ तिथेच सुटतो.

अक्कलकोटरस्ता
आमच्या आईच्या वेळी विहिरीचे पाणी शेंदणे, दळणे, कांडणे हाच व्यायाम होता. ताई चार दिवसांआड दोन तास हंडे उचलतात, तो व्यायाम का मोजायचा नाही? इतके वर्षे नळाला रोज पाणी मिळावे म्हणून आम्ही अर्ज करत आहोत आणि उत्तरसुद्धा मिळत नाही. उजनी धरण भरून वाहते आणि आमची पिंपे कोरडी राहतात, याचे मला फार वाईट वाटते.

पहाटफेरी
हंडे उचलण्याला व्यायाम म्हणू नये. कमरेतून वाकून एका बाजूने भार उचलल्यामुळे माझी पाठ दोन महिने धरली होती. व्यायामात दोन्ही बाजू सारख्या चालतात आणि भार हळूहळू वाढवला जातो. तरीही मी पुन्हा म्हणते, सासूबाईंजवळ कोणाला तरी अर्धा तास बसवून बाहेर चालायला जा.

सातरस्ता_४०
जिम लावा. पैसे भरले की मनुष्य जातोच. मी वर्षाचे पैसे एकदम भरले होते. अडीच महिने नियमित गेलो, नंतर शिकवणारा मुलगा बदलला आणि माझे जाणे थांबले, परंतु त्या अडीच महिन्यांत पाच किलो वजन उतरले होते.

होटगीरोडकर
जिमचे वर्षाचे पैसे आणि ताईंचे सहा हजार एकत्र केले तर हप्त्यावर ट्रेडमिल येते.

रबरीपट्टा
ट्रेडमिल, सायकल आणि जिम या तिन्हींवर पैसे घालवून झाल्यानंतर मी पाचशे रुपयांचे ताणायचे रबरी पट्टे आणि सहा मिलिमीटर जाडीची चटई यांवर स्थिरावले आहे. दाराच्या कडीला पट्टा अडकवून पाठीचे आणि खांद्याचे व्यायाम होतात, जे खुर्ची आणि भिंतीने होत नाहीत. पट्टा उन्हात ठेवू नका, तो तडकतो आणि ओढताना तुटल्यास डोळ्यापर्यंत येतो. फरशीवर सोलापुरी चादर पसरून व्यायाम करू नका, ती सरकते.

हिशेबनीस
सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले याबद्दल मनापासून आभारी आहे. मी तीनही वेळच्या जुन्या दिनदर्शिका काढून पाहिल्या. ज्या दिवशी व्यायाम झाला त्या दिवशी फुली मारण्याची माझी सवय आहे. तिन्ही वेळा फुल्यांची ओळ पाण्याच्याच दिवशी तुटलेली दिसली. पहिले दोन पाणीदिवस मी कसेबसे सायंकाळी भरून काढले होते, चौथ्या-पाचव्या खेपेला ते जमले नाही आणि क्रम संपला. साधन नव्हते म्हणून व्यायाम सुटल्याची एकही नोंद मला सापडली नाही.

म्हणून मी सहा हजार रुपये ५०० लिटरच्या पाण्याच्या टाकीवर खर्च करण्याचे ठरवले आहे. नळाच्या पातळीच्या खाली, अंगणाच्या उतारावर ती बसेल, म्हणजे बारीक धारेनेही भरत राहील, आणि टाकी भरली की चेंडूच्या झडपेने पाणी आपोआप बंद होईल. टाकी, झडप, नळी आणि प्लंबरची मजुरी मिळून ५,६०० रुपये सांगितले आहेत. व्यायाम फिजिओथेरपी_२२वर्षे यांनी सांगितलेलाच करणार आहे. खुर्ची घरात आहे, भिंत आहे, आणि झोपून करायचा व्यायाम तूर्त दिवाणावर करीन.

होटगीरोडकर
ताई, आपण व्यायामाचा सल्ला मागितला आणि टाकी घेतली, हे मला पटलेले नाही. तीन महिन्यांनी ट्रेडमिलचा विचार पुन्हा करावा.

रबरीपट्टा
निदान उरलेल्या चारशेत एक पट्टा तरी घ्यावा.

फिजिओथेरपी_२२वर्षे
दिवाण कडक असेल तर चालेल, गादी मऊ असेल तर कंबर खचते. अशा वेळी सतरंजीची चौघडी फरशीवर घालून तिची एक कड भिंतीला टेकवावी, म्हणजे ती सरकत नाही.

मंगळवेढ्याची_लेक
टाकीचे झाकण घट्ट बसणारे घ्या आणि आठवड्यातून एकदा ती रिकामी करून घासून कोरडी करा. साठवलेल्या स्वच्छ पाण्यातच डेंग्यूच्या डासांच्या अळ्या होतात. आमच्या गल्लीत गेल्या पावसाळ्यात हाच त्रास झाला होता.

हिशेबनीस
टाकी मागच्या गुरुवारी बसली आणि झाकण आट्यांचे घेतले आहे. आज पाण्याचा पहिला दिवस होता. पावणेसहाला नळ सुरू करून मी आत आले. खुर्चीवरून उठण्या-बसण्याचे दहा, पायाचे दहा-दहा, भिंतीचे दहा आणि पंधरा मिनिटे खोलीत फेऱ्या एवढे झाले. सासूबाई पलंगावरून मोठ्याने आकडे मोजत होत्या, त्यामुळे श्वास कोंडला नाही. सव्वासहाला बाहेर जाऊन पाहिले तेव्हा टाकी अर्धी भरली होती. पिण्याचे दोन हंडे तेवढे हाताने भरले. गुडघा आज दुखलेला नाही. वजन दर रविवारी सकाळी करीन आणि महिनाअखेरीस आकडा येथे लिहीन.